नवं काय आणलंय?

जत तालुक्यातल्या कुठल्याही गावची जत्रा जवळ आली की पारावर दोन प्रश्न निघतात. पहिला, "औंदा फड कुणाचा?" दुसरा, "नवं काय आणलंय?" पहिल्याचं उत्तर यात्रा कमिटीकडे असतं, दुसऱ्याचं तमाशाच्या फडमालकाकडे. गंमत अशी की दुसरा प्रश्न सगळ्यात मोठ्या आवाजात विचारणारा माणूसच रात्री पुढं बसून पंचवीस वर्षांपूर्वीचं गाणं मागतो. रॉक बँडच्या चाहत्यांचंही असंच चालतं. नवा अल्बम कधी, दौरा कधी, म्हणून वर्षं मोजायची आणि बँड मंचावर आला की जुन्यासाठी ओरडायचं. ही टिपणं त्या दोन तोंडांच्या वाट बघण्याबद्दल.

*

फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतं. आधी तंबू लावून तिकिटाचे खेळ, मग चैत्र-वैशाखात गावजत्रांच्या सुपाऱ्या. गुढीपाडव्याच्या आसपास पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. आत मॅनेजर, त्याच्या पुढ्यात तारखांची वही, बाहेर फडाचा बोर्ड. गावोगावचे कारभारी एका राहुटीतून दुसरीत जातात, बायका किती, वाद्यं किती, सोंगाड्या कोण याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि तारीख पक्की झाली की इसार देऊन उठतात.

मुंबईत कोण कधी वाजवणार हे रॉकच्या चाहत्याच्या हातात नसतं. कंपनी ठरवते, आयोजक ठरवतो, हा नुसता डोळे लावून बसतो. तमाशाचा चाहता मात्र वर्गणी गोळा करतो, स्टेजची जागा साफ करतो, कलाकारांच्या जेवणाचं बघतो, पोलीस ठाण्यातून परवानगी आणतो. ऐकणाराही तोच आणि आणणाराही तोच. त्यामुळं फड कसा निघाला याचा अर्धा दोष किंवा अर्धं श्रेय गावाकडंच जातं. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

*

आमच्याकडं ही वाट पावसाशी बांधलेली. डाळिंबाला तेल्या लागला किंवा बेदाण्याचा दर पडला की कमिटीच्या बैठकीत आधी फडाच्या दर्जावर कात्री चालते. मोठा फड परवडत नाही, मग मधला बघू. तिकडं फडमालकाचंही तेच. पावसाळ्यात कलाकार त्याच्याकडून उचल घेतात, तो सावकाराकडून आणतो आणि सगळ्यांचा हिशेब हंगामावर सोडलेला असतो. म्हणजे एका बाजूला शेतकरी आभाळाकडं बघतोय आणि दुसऱ्या बाजूला सोंगाड्याही. नवा वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, बसवायला लागतात ते दोन महिने हेच, कर्जाचे आणि पावसाचे.

*

सांगली जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला की एक गोष्ट लगेच दिसते. तासगाव तालुक्यातलं सावळज हे उमा-बाबाजींचं गाव. तमाशातला पहिला वग म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो 'मोहना-बटाव' त्यांचा, साल १८६५ सांगतात. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष पठ्ठे बापूरावांचं, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णींचं. त्याच तालुक्यातलं वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचं. आणि सांगलीच्या जवळचं कवलापूर काळू-बाळूंचं. लिहिणारे, बसवणारे, नाचवणारे बहुतेक पश्चिमेकडं, नदीच्या अंगाला. पूर्वेच्या कोरड्या टोकाला जत. आमच्या वाट्याला प्रामुख्यानं ऐकणं आलं. पण १८६५ पासून या जिल्ह्याला नव्या वगाची सवय लागलेली आहे आणि सवय लावलेल्या श्रोत्यासमोर शिळं घेऊन जायला फड घाबरायचे, एवढं श्रेय आम्ही घ्यायला हरकत नाही.

*

काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, कवलापूरचे जुळे भाऊ. वडील संभा आणि चुलते शिवा, 'शिवा-संभा कवलापूरकर' या नावाचा फड घरातच. पोरांना गाजवलं ते 'जहरी प्याला' या वगानं. त्यातले दोन हवालदार लोकांना इतके आवडले की खाडे हे आडनाव मागं पडलं आणि वगातली नावंच माणसांना चिकटली. सारखा चेहरा, सारखा वेश, एकानं सुरू केलेलं वाक्य दुसऱ्यानं मोडायचं.

आता अशा जोडीची पंचाईत बघा. नवा वग आणला तरी लोक येणार ते हवालदार बघायला. हवालदार दाखवले नाहीत तर पैसे परत मागतील, तेच दाखवले तर बाहेर पडताना म्हणतील, "तेच ते झालं की." यातून सुटायचा रस्ता कलाकाराला शोधावाच लागतो. बहुतेकांनी शोधलेला रस्ता एकच: माणसं जुनी ठेवायची आणि त्यांना नव्या भानगडीत टाकायचं.

आज दोघेही भाऊ नाहीत. त्यांचे वग आधी कॅसेटवर ऐकले गेले, आता मोबाइलवर बघितले जातात.

*

१९५८ साली पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाच पोरांनी एक बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'. त्यातला पियानोवाला फारुख बलसारा, झांझिबारहून शिकायला आलेला पारशी मुलगा. शाळेच्या कार्यक्रमांत ते तेव्हाची इंग्रजी रॉक अँड रोलची गाणी वाजवायचे. गायक दुसराच होता, हा नुसता पियानोवर. पुढं तो लंडनला गेला, १९७० मध्ये 'क्वीन' उभा राहिला आणि फ्रेडी मर्क्युरी हे नाव जगानं पाठ केलं.

१९५८ मध्ये पाचगणी उत्तर सातारा जिल्ह्यात होती आणि जत दक्षिण सातारा जिल्ह्यात. दक्षिण साताऱ्याचं सांगली हे नाव पडलं १९६० मध्ये. म्हणजे एका साताऱ्यात शाळकरी पोरं रॉक वाजवत होती आणि दुसऱ्या साताऱ्यात फडांचे ट्रक धूळ उडवत जत्रांना जात होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असायचं कारण नव्हतं. फ्रेडी असेपर्यंत क्वीनचा कार्यक्रम भारतात कधी झाला नाही. साताऱ्याच्या वाट्याला आलं ते शाळेच्या पटावरचं नाव.

*

तमाशाची बांधणी वाट बघणाऱ्याच्या स्वभावाचा विचार करून केल्यासारखी आहे. आधी गण, मग गवळण, त्यात मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, मग लावण्या, आणि शेवटी वग. गण-गवळण सगळ्यांना पाठ. तिथं कुणी नवेपणा मागत नाही, उलट मावशीनं नेमका तोच ठसका द्यावा अशी अपेक्षा असते. ओळखीचं पोटभर झालं, रात्र चढली, पोरंबाळं झोपली की वग सुरू. तो पूर्वी पहाटेपर्यंत. नव्याला रात्रीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शांत तुकडा दिलेला.

रॉकचा कार्यक्रम बरोबर उलटा. एक जुनं धडाक्याचं गाणं सुरुवातीला, नवी गाणी मध्ये घातलेली, आणि सगळ्यात लाडकी गाणी शेवटाला राखून ठेवलेली. नवं गाणं लागलं की लोक पाणी प्यायला उठतात हे बँडला माहीत असतं. म्हणून ते दोन जुन्यांच्या मध्ये सरकवायचं.

अण्णा भाऊंनी तर ओळखीच्या भागालाच हात घातला. गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणली, गवळण काढून टाकली, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्याची सवय होती त्याच कामगार-शेतकऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. नवं चालत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं 'अकलेची गोष्ट' हे लोकनाट्य आठवावं.

*

खेळाआधीचा अर्धा तास. स्टेजच्या मागं हलगीवाला काटक्या-कागद पेटवून बसलेला. हलगी जाळावर धरायची, फिरवायची, बोटानं टिचकी मारून कान लावायचा, परत धरायची. थंडीत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. जास्त तापलं तर फुटायची भीती. शेजारी ढोलकीवाला शाईच्या पुडीवर तळवा घासत कड्या सरकवतोय. आतून कुणीतरी "पिना कुठं ठिवल्या" म्हणून ओरडतंय. समोर अजून निम्मी माणसं बसायची आहेत, पण हलगीची पहिली खणखणीत थाप आली की तंबाखू मळणारे हात थांबतात.

यात नवं काहीच नाही. आणि वर्षभराची वाट फळाला आली असं वाटतं ते याच क्षणाला.

*

दौलतजाद्याचं गणित असं. ऐकणाऱ्यानं नोट वर करायची, फडातलं कुणीतरी येऊन घेणार, माईकवर गावाचं आणि माणसाचं नाव पुकारलं जाणार, मग त्याच्या आवडीचं गाणं. पूर्वी मागणी बैठकीच्या लावणीची असायची, मग सिनेमातल्या लावणीची, आता नुसत्या सिनेमातल्या गाण्याची.

नोट नेहमी माहीत असलेल्या गाण्यावरच पडते. जे ऐकलंच नाही ते मागणार कसं? नवा वग कितीही ताकदीचा असो, त्याची फर्माईश कुणी करू शकत नाही. गाण्यावर त्याच रात्री रोख पैसे मिळतात. वगावर पुढच्या वर्षीची सुपारी मिळते, मिळाली तर. मालकाच्या डोक्यावर सावकार असेल तर तो कशाकडं बघणार?

*

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. राज्याला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस बहुधा गणपती-नवरात्रात जातात. आजारी माणसाच्या, परीक्षेच्या पोराच्या, पहाटे कामाला जाणाऱ्या बाईच्या बाजूनं बघितलं तर नियमात चूक काढता येत नाही.

पण फडाच्या घड्याळात तो नेमका वगावर बसला. जेवणं आटोपून माणसं आठला जमतात. गण, गवळण, चार गाणी, तेवढ्यात दहा. वग जिथून सुरू व्हायचा तिथं खेळ संपतो. अनेक गावांत वग आता पोस्टरवरच वाचायला मिळतो. लिहिणाऱ्यानं लिहिला, नटांनी बसवला, पोस्टरवर रंगात छापला, आणि रात्री मात्र गाण्यांवर गाणी. तमाशात नवं काही उरलं नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं.

*

लांबलेल्या वाटेची काही मापं. गन्स एन रोझेसचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम १९९१ नंतर आला तो थेट २००८ मध्ये. टूल या अमेरिकन बँडनं २००६ नंतर २०१९ पर्यंत थांबवलं. मुंबईचा रॉक मशीन १९८४ चा. पुढं इंडस क्रीड नाव घेऊन १९९५ मध्ये अल्बम काढला, दोन वर्षांत मोडला, २०१० मध्ये परत जमला आणि पुढचा अल्बम २०१२ मध्ये दिला.

सतरा वर्षांत श्रोता तो राहत नाही. कॉलेजात असताना वाट बघायला लागलेला माणूस घराचे हप्ते भरत अल्बम ऐकतो आणि म्हणतो, पहिल्यासारखी मजा नाही. मजा अल्बममधून गेली की त्याच्यातून, हे ठरवायला कुणी बसत नाही. फडाला ही चैन परवडायची नाही. दर दसऱ्याला बाहेर पडायचं म्हणजे पडायचं. दरवर्षी नवं देण्याची सक्ती असली की बरंच सुमार निघतं, पण श्रोता आणि कलाकार एकत्र म्हातारे होतात.

*

गल्लीतला एक पोरगा बंगळुरात नोकरीला आहे. गिटारवाल्या बँडांचा वेडा. त्याच्यामुळं कळलं की आमच्यासाठी रॉकची एक वाट बंगळुराकडंही जाते. जतहून विजापूर, विजापुरातून रात्रीची रेल्वे. आयर्न मेडन १७ मार्च २००७ ला बंगळुराच्या पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेला, मेटालिका ३० ऑक्टोबर २०११ ला तिथंच. त्याच्या दोन दिवस आधी गुडगावचा मेटालिकाचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला आणि चिडलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली.

हे ऐकून गल्लीतल्या म्हाताऱ्यांना जराही नवल वाटलं नाही. फड आला नाही, किंवा नाव एका बाईचं आणि नाचली दुसरी, म्हणून कनाती फाडल्याच्या हकिकती त्यांच्यापाशी भरपूर. "एवढ्या लांबनं आल्याली माणसं, मग काय करतील?" एवढंच एक जण म्हणाला.

कोल्डप्लेच्या वेळी, जानेवारी २०२५ च्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांसाठी, हाच पोरगा तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत होता. फोनवर स्वतःच्या पुढं किती माणसं आहेत तो आकडा दिसायचा आणि तो आकडा लाखांत. यल्लम्माच्या दर्शनाच्या रांगेत पुढच्याची पाठ तरी दिसते, गप्पा तरी होतात. या रांगेत शेजारी कुणीच नव्हतं.

*

तालुक्याच्या पूर्व भागात, उमदी-संखकडं, घराघरात कानडी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला कर्नाटकातून माणसं चालत येतात. तिकडच्या जत्रांना ओढ सीमेपलीकडच्या नाटकांची. कृष्ण पारिजात रात्रभर चालतं, कंपनी नाटकं मुक्काम ठोकतात. त्या बाजूचा एक ओळखीचा शेतकरी तमाशाही बघतो आणि कानडी नाटकही. फरक विचारला तर म्हणाला, "तमाशात सोंगाड्या गावच्या सरपंचाचं नाव घेऊन बोलतोय, तेवढं नाटकात न्हाई." त्याच्या लेखी नवं म्हणजे हेच. गोष्ट जुनी असली तरी चालेल, त्यात आजचा सरपंच, आजचा टँकर, आजचा कांद्याचा भाव यायला पाहिजे. सोंगाड्या दुपारी गावात आला की आधी चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा, तो त्यासाठीच.

*

हाच सोंगाड्या आता मोबाइलला वचकून आहे. पूर्वी एक चांगला विनोद दसऱ्याला सापडला की बुद्धपौर्णिमेपर्यंत पुरायचा, कारण पुढच्या गावानं तो ऐकलेला नसायचा. आता पहिल्याच खेळाला पुढच्या रांगेत वीस मोबाइल वर. आठवड्यात अख्खी बतावणी लोकांच्या हातात, आणि पुढच्या गावात पोरं त्याच्या आधी शेवटचं वाक्य बोलून टाकतात. वाट बघणाऱ्यालाच धीर नाही, त्याला काय करणार?

*

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. सुपाऱ्यांचा सगळ्यात मोठा दिवस. तो हंगाम बुडाला, पुढचाही गेला. जगभर बँडांचे दौरेही थांबले होते, पण त्यांच्याकडं निदान रेकॉर्ड विकायला होती. फडाकडं विकायला रात्र सोडून काही नसतं. कलाकार रोजगाराला गेले, कुणी भाजी विकली, वाद्यं घरात टांगली गेली. तेव्हा गावात फडाची आठवण काढणारे पुष्कळ होते. मात्र फड परत बाहेर पडले तेव्हा सुपारीत घासाघीस पहिल्यासारखीच.

*

ऑक्टोबर २०२२ मध्ये क्वीनचं एक 'नवं' गाणं आलं, 'फेस इट अलोन'. 'द मिरॅकल' अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रित झालेलं, तेव्हा बाजूला ठेवलेलं. फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरात गेला. एकतीस वर्षांनी त्याचा आवाज नवा म्हणून ऐकायला मिळाला आणि चाहत्यांनी तो तसाच ऐकला. बँडची तिजोरी सांभाळणारं कुणीतरी असतं म्हणून हे होतं.

फडांच्या तिजोऱ्या कुठं आहेत? वगांच्या वह्या मालकाच्या ट्रंकेत, वाटणीत कुणाकडं तरी गेलेल्या, काही पावसात भिजलेल्या. अनेक वग तर कागदावर कधी उतरलेच नाहीत. नटांना प्रसंग सांगायचा, बोलणं त्यांनी तिथंच जुळवायचं. त्यामुळं तमाशात मेलेल्या माणसाचं नवं काही मिळायची शक्यता फार थोडी. जे नवं मिळेल ते जित्या माणसांकडूनच, आणि तेही याच हंगामात.

*

तेव्हा वाट बघायची तर थोडी अक्कल लावून बघावी. सुपारी देणारे आपणच आहोत. नारायणगावला राहुटीत बसल्यावर बायका किती आणि लाइट किती हे विचारतोच, त्याच दमात वग कुठला, कुणी लिहिला आणि किती वेळाचा हेही विचारावं. खेळ आठऐवजी साडेसहाला सुरू करावा, गावानं एक दिवस लवकर जेवावं. दौलतजादा गाण्यांपुरता ठेवून वग चालू असताना नोटा वर करू नयेत, हे कमिटीनं आधीच माईकवर सांगावं. कायदा मोडायला नको आणि कर्जही काढायला नको.

एवढं करून वग पडला तर पडला. पुढच्या वर्षी दुसरा फड आणू. पण दीड तास नव्याला जागाच द्यायची नाही आणि वर पारावर बसून "नवं काय आणलंय" म्हणून विचारायचं, हा त्या लिहिणाऱ्यावर अन्याय आहे. औंदाच्या कमिटीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. विरोध कुठून होईल तेही माहीत आहे: पुढच्या रांगेतून.